उलटा सेल

लोधीखेड्याच्या भोवतालच्या गावांत इंदूबाई सोमकुंवरला नावानं कुणी हाक मारत नसे. ती नर्सबाई. सरकारी नोकरीवर आली तेव्हा लोकांनी पैज लावली होती, की ही बाई उन्हाळ्याआधीच सौंसरला पळणार. बाई काही पळाली नाही. उलट सौंसरच्या नगरपालिकेत कामाला असलेला तिचा नवरा, शालिकराम, सायकल हाणत रोज इकडून तिकडे जाऊ-येऊ लागला आणि पैज लावणारे गप्प बसले.

तिच्या पिशवीत दोन बॅटऱ्या असत. एक मोठी, लांब उजेडाची. दुसरी बोटभर जाडीची, पेन्सिल सेलची. मोठीनं दगा दिला तर ही. गावात बॅटरी पारखायची म्हणजे दुकानाच्या आतल्या भिंतीवर उजेड मारायचा आणि गोल केवढा पडतो ते बघायचं. ही छोटी घेताना पांढुर्ण्याच्या बाजारात इंदूबाईनं गोलाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं बॅटरी कानाशी धरून हलवली, तळहातावर आपटली आणि बटण इतक्या वेळा मागंपुढं केलं की दुकानदार म्हणाला, "बाई, घ्याची आहे का तोडाची आहे?"

"पैल्या दाबात लागली पाह्यजे," ती म्हणाली. "उजेड कमी असला तं चालते मले."

तिची परीक्षा एवढीच. एरवी ती बॅटरी मुद्दामच लागत नसे. पिशवीत स्टीलच्या भांड्यावर बटण दाबलं जायचं आणि नुसतेच सेल जळायचे, म्हणून इंदूबाई मागचा सेल उलटा घालून ठेवी. वेळ आली की झाकण फिरवायचं, सेल पलटायचा, झाकण लावायचं. ही युक्ती तिच्या बापाची, हिरामणची. तो पांढुर्ण्याला एका जिनिंगवर चौकीदार होता. सगळीकडे कापूस, तिथं काडी ओढायची सोय नाही, त्यामुळे बॅटरीच्या बाबतीत माणूस मोठा कडक. इंदूबाईचे हात ते काम न बघता करत. घरात कुणाला त्याबद्दल सांगावं असं मात्र तिला कधी वाटलं नाही.

शालिकरामचं शास्त्र वेगळं होतं. मेलेले सेल उन्हात ठेवले की पुन्हा जिवंत होतात यावर त्याची फार श्रद्धा. तशी ती घरोघरी होती, पण हा गडी सुट्टीच्या दिवशी पापडांच्या शेजारी सेलांची रांग मांडून बसे आणि कावळे हाकलल्यासारखं पोरांना हाकली. दुपारी एकेक सेल घालून बघायचा. बॅटरी लागली की, "पाय, कशी झगझगून राह्यली!" आणि लगेच बंद. लागली म्हणजे झालं. खरं सांगायचं तर नवरा-बायकोच्या परीक्षेत फारसा फरक नव्हताच. इंदूबाईला ते त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर तिनं चांगलंच फैलावर घेतलं असतं.

त्या हिवाळ्यात कापसाचा भाव पडला आणि कुणी माल विकायला काढेना. मोहगावच्या अलीकडे पुंडलिकरावांच्या घरात ओसरीपासून माजघरापर्यंत आढ्याला टेकेल एवढा कापूस भरलेला होता. मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या शेवटी बिनखिडकीची खोली. त्या खोलीत त्यांची मुलगी चंद्रकला पहिल्या बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सौंसरच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपून तयार होती, पण इंदूबाईनं पोटाला हात लावला आणि गाडी सोडायला सांगितली. आता वाटेत होण्यापेक्षा घरात झालेलं बरं.

दिवेलागणीच्या सुमाराला लाईन गेली. चंद्रकलाच्या आईनं, मनकर्णाबाईनं, मोठी बॅटरी धरली. लेकीच्या किंकाळ्यांनी तिच्या हाताला घाम फुटला होता. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि नेमकी तेव्हाच बॅटरी तिच्या हातून जमिनीवर पडली. बल्ब गेला. दुसरा बल्ब बॅटरीच्या झाकणात होता, पण तो बसवायला वेळ कुठला? इंदूबाईच्या बोटाला बाळाच्या मानेभोवती नाळ लागली होती. घट्ट. डोक्यावरून सरकेना. दोन चिमटे लावून मधून कापायची, आणि कात्री बाळाच्या मानेला लागून. अंधारात ते काम करता येत नाही.

"मी चिमणी लावून आणते!" मनकर्णाबाई उठली.

"नोका आणू! पेट घेईन सारं घर. बसा तिथंच, मावशी. पोरीले धरा."

इंदूबाईनं एका हातानं छोटी बॅटरी काढली. झाकण दातांनी फिरवलं, सेल पलटला, झाकण लावलं, बटण दाबलं.

काही नाही.

तिनं आपटली. पुन्हा दाबलं. काही नाही. आजवर एकदाही न चुकलेली बॅटरी हातात मेल्यासारखी पडून होती आणि चंद्रकला ओरडत होती. इंदूबाईनं पुन्हा झाकण काढलं आणि आत बोट घातलं. सेलाची टोकदार गुंडी बल्बच्या दिशेला पाहिजे, म्हणजे बाहेरून बोटाला लागायला पाहिजे ती सपाट बाजू. बोटाला गुंडी लागली. म्हणजे सेल आता उलटा होता. म्हणजे आधी तो सरळ होता. कुणीतरी सरळ केला होता, आणि तिनं आपल्या हातानं तो उलटा केला होता. ते कुणीतरी कोण, याचा विचार करायची गरज नव्हती.

तिनं सेल पलटला. उजेड पडला. "मावशी, धरा. आता नोका पाडू."

नाळ कापली गेली. पोरगी झाली, निळीसावळी आणि निपचित. इंदूबाईनं तिचं तोंड साफ केलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. बराच वेळ ती चोळतच होती. मग पोरगी रडली, आणि बाहेर अंगणात पुंडलिकराव मोठ्यानं खोकले. नंतर वार पडेपर्यंत आणि रक्त थांबेपर्यंत मनकर्णाबाईनं ती बॅटरी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

घरी परत येताना इंदूबाईनं नवऱ्याला काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं. तो दारातच उभा होता.

"कावं, लागली का छोटी बॅटरी? काल पायली त बंद. एक सेल उलटाच घातला होता तुनं! सरळ केला. आन् माह्या रेडिओचे नवे सेल टाकून देल्ले तुले. तुह्यावाले दिवसभर उन्हात ठेवले, पाय तिथं."

खिडकीच्या कठड्यावर तिचे जुने सेल होते. कोपऱ्यात रेडिओ पाठ उघडी टाकून पडला होता. बातम्यांशिवाय ज्याचं जेवण उतरत नाही त्या माणसाचा रेडिओ. जुळवून ठेवलेलं सगळं इंदूबाईच्या तोंडातच राहिलं. तिनं जुने सेल बॅटरीत घातले आणि बटण दाबलं. पहिल्या दाबात लागली.

"पाय!" शालिकराम म्हणाला आणि बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या," ती म्हणाली.

बॅटरी चुलीजवळ ठेवून ती भाकरी थापायला बसली. दुसरी भाकरी तव्यावर पडली तेव्हा उजेड पिवळा झाला होता. ती उलटेपर्यंत बल्बातली तार नुसती लाल दिसत होती. नाळ कापायला हे सेल पुरले असते. त्यानंतरच्या कशाला पुरले नसते. दिवसभरात इंदूबाईला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती इतकी वाटली की तिनं तवा खाली उतरवला. मग तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. उलट्या सेलाचंही आणि त्या पोरीच्या मानेचंही.

"म्हंजे माह्यानंच..." शालिकराम म्हणाला.

"तुमच्यानंच लागली नाही, आन् तुमच्यानंच टिकली," ती म्हणाली. "मी तं नुसता पैला दाब पायत होती."

तिनं रेडिओचे सेल परत बॅटरीत भरले, मागचा उलटा, आणि बटणावर दवाखान्याची चिकटपट्टी लावली. पट्टी असली की सेल उलटा. पट्टी काढल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही आणि आत बोट घातल्याशिवाय सेल पलटायचा नाही. डोळे मिटायला लावून तिनं ते त्याच्याकडून करून घेतलं, बॅटरी न चुकता लागेपर्यंत.

जेवण रेडिओशिवायच झालं. शालिकरामनं जुने सेल उचलले, सवयीनं पुन्हा कठड्यावर मांडले, तिच्याकडे पाहिलं, आणि उचलून उकिरड्यावर टाकून आला.