तिसरीच्या वर्गातली शांतता

हडपसरच्या एका शाळेत द्वारका गायकवाड तिसरीला शिकवायच्या. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही की आवाज चढवला नाही, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. वर्गात कुणी आगळीक केली की बाई दार लावायच्या, पंखा बंद करायच्या आणि खुर्चीत बसून म्हणायच्या, "ज्यानं केलं असेल त्यानं उभं राहायचं." मग शांतता, कुणीतरी उभं राहीपर्यंत. उभं राहिलं की "बस," एवढंच म्हणायच्या. विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. मूल्यशिक्षण बघायला आलेले साहेब तर भारावून गेले होते. घामाघूम झालेली पोरं त्यांना दिसली नसावीत.

एकदा बाईंचा मोबाईल खाली ऑफिसात राहिला. "पळत जा, पळत ये," म्हणून त्यांनी समाधानला पिटाळलं. जिना नुकताच पुसलेला. पोरगं घसरलं आणि हात मोडला. मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, "कितीदा सांगितलं, जिन्यात धावू नका. ऐकेल तर ना." समाधानच्या वडिलांना, नागोरावांना, त्यांनी तेच ऐकवलं. त्या बिचाऱ्यानं उलट पोराच्या वतीनं माफी मागितली. त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. सकाळी नाश्ता मात्र गेला.

समाधान प्लास्टर घालून परत आला त्या दिवशी बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. मागे कडी लागल्याचा आवाज आला. मग पंखा मंदावत थांबला. वळून पाहिलं, तर वर्गाची मॉनिटर कल्याणी बटणापासून आपल्या जागेवर परत चालली होती.

"काय चाललंय?"

 सगळी पोरं हाताची घडी घालून बसली होती, बाईंनी शिकवली होती तशीच. रागावलेली नव्हती, हसतही नव्हती. नुसती वाट बघत होती. बाई खुर्चीत बसल्या. शेजारच्या वर्गातले पाढे भिंतीतून ऐकू येत होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी एकही पोर हललं नाही. 

अखेर समाधान उभा राहिला.

"मी केलं, बाई. मी धावत होतो."

 एवढ्या वर्षांत या खोलीत किती पोरं खरंच चुकली म्हणून उभी राहिली असतील, आणि किती नुसती ही शांतता सोसवेना म्हणून? आता "बस" म्हटलं की सुटका होती. पोरं तो विषय जन्मात काढणार नव्हती, तेवढं त्यांनी पक्कं शिकवलं होतं.

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "मीच म्हणाले होते त्याला, पळत जा."

 समाधान तेवढा त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"म्हणजे तुम्ही खरंच म्हणाला होतात?" त्यानं हळूच विचारलं. "बाबा म्हणाले, बाई खोटं बोलत नसतात, तुलाच तसं वाटलं असेल. मग मला पण तसंच वाटायला लागलं."