शेवटची ओळ बदललेला अर्ज

तेलंगणातल्या उटनूरच्या कचेरीबाहेर हणमंतराव चाळीस वर्षांपासून टेबल टाकून बसतात. लोक मराठीत, गोंडीत सांगतात, ते तेलुगूत अर्ज लिहितात. प्रत्येक कागदाच्या तळाशी त्यांची एक ठरलेली ओळ असते: पक्षकारांनी सांगितले तसे लिहिले. पुढचं पक्षकार बघून घेतात.

मंगळवारी तुळजाबाई नोटीस घेऊन आली. बाजारात भाजी विकणारी ही बाई. अठरा वर्षांपूर्वी तिनं डोमाजी मडावी या गोंड शेतकऱ्याकडून घरापुरती जागा घेतली, तेव्हा स्टँपपेपर हणमंतरावांनीच लिहिला होता. आता पंधरा दिवसांत घर खाली करायचं होतं.

"हणमंतभाऊ, माहा पेपर लीगल हाय. वकिलानं सोता पाह्यला."

"पेपर लीगलच हाय. सही, साक्षीदार, शिक्का, सगळं जागच्या जागी. पण व्यवहार लॉफुल नाही."

"दोन्ही एकच ना?"

हणमंतरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. हे त्यांना या वर्षात पाचव्यांदा सांगावं लागत होतं.

"तुमच्या तराजूले शिक्का हाय. वजन चोख. पण इकाले बंदी असलेला माल त्याच्यावर मोजला, तर शिक्का काय करन?"

"डोमाजीनं राजीखुशीनं देली जागा."

"देली. पण इथं आदिवासीची जमीन दुसऱ्यानं घ्यायचीच नाही. सत्तर सालापासून मनाई हाय."

तुळजाबाईनं नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, "तुमाले तवा मालूम होतं?"

"होतं."

"मंग काऊन लिवलं?"

"सगळेच लिहून घेत होते, बाई. मी नाही, तर बाजूच्या टेबलवाल्यानं लिहिलं असतं."

"बरं झालं असतं. त्याले शिव्या देता आल्या असत्या."

शिव्या मात्र तिनं दिल्या नाहीत. स्टुलावर बसली. "लिवा आता. घर वाचन?"

"नाही वाचायचं. मुदत मागू."

त्यांनी झालं तसं लिहिलं. तळाशी आल्यावर हात सवयीनं नेहमीच्या ओळीकडे वळला आणि थांबला. तिच्या जागी त्यांनी लिहिलं: मनाई ठाऊक असून मूळ कागद मी लिहिला. खाली सही केली आणि तिला वाचून दाखवलं.

"यानं घर राहीन?"

"नाही."

"आन तुमचं टेबल?"

हणमंतरावांनी शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.

"अंगठा लावा," ते म्हणाले.