दहा हजार एक पणत्या

यात जे काही बरं झालं ते माझ्या घरमालकीण काकूंमुळे, हे आधीच लिहून टाकतो. काकू निवृत्त शिक्षिका, त्याही गणिताच्या. मेहकरला त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहतो. माझं घर पार कोकणात, शाळा आठवीत सुटलेली आणि काम मांडववाल्याकडे.

त्रिपुरी पौर्णिमेला जवळच्या एका गावाने देवळासमोर दहा हजार एक पणत्या लावायचं ठरवलं. वरची एक शकुनाची. आदल्या वर्षी ती वेगळी मांडली होती आणि ती कुणी लावायची यावरून दोन घरांत जुंपली होती. म्हणून यंदा अट अशी, की सगळ्या पणत्या एकाच चौकटीत, प्रत्येक ओळ सारखी, एकही पणती एकटी नको. मैदानावर चुन्याच्या खुणा करायचं काम मालकाने माझ्यावर टाकलं. म्हणाला, “जमलं तं कायमचा राह्य, नाही तं तुया समुद्र हायेच.”

शंभराच्या ओळी धरल्या, एक उरली. तीनने, सातने, अकराने भागून पाहिलं. काही ना काही उरतंच. दुपारी ताटावर बसलो तरी डोक्यात तेच.

“काऊन रे, भाकर गार होऊन राह्यली,” काकू म्हणाल्या. मी सगळं सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. मला वाटलं, झालं, आता सामान बांधा.

त्यांनी मला चार आकडी कोणतीही संख्या घ्यायला सांगितली. मी ४७१२ घेतली. तीच पुढे परत लिहायला लावली, ४७१२४७१२, आणि म्हणाल्या, त्र्याहत्तरने भाग. भाग पुरा गेला. दुसरी संख्या घेतली, तिलाही गेला. चार आकडे असे दोनदा लिहिणं म्हणजे त्या संख्येला दहा हजार एकने गुणणं, आणि दहा हजार एक म्हणजे त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. वर्गातल्या पोरांना त्या हीच जादू दाखवायच्या म्हणे.

“तुले वाटते हा आकडा फुटतच नाही. फुटते, पण एकाच जागी.”

त्र्याहत्तर ओळी, दर ओळीत एकशे सदतीस. मी दोरी ताणून खुणा केल्या आणि शेवटची पणती बरोबर शेवटच्या खुणेवर बसली. त्यातली शकुनाची कोणती, हे कुणालाच ओळखता येईना, त्यामुळे भांडायलाही काही राहिलं नाही. मालकाने ओळी दोनदा मोजल्या आणि पुढच्या मांडवाचं माप मलाच घ्यायला सांगितलं.

काकूंना विचारलं, तुम्हाला काय देऊ? त्यांनी ताटात आणखी एक भाकर वाढली. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, पण भरती किती वाजता येते ते मला सारखं विचारत असतात. एक दिवस त्यांना आमच्या गावी नेणार आणि वाळूत खुर्ची टाकून बसवणार. मग लाटा मोजायच्या तर खुशाल मोजू देत.