माझ्या हाताचा गुण

आमच्या परसातला पानवेल बघायला गावातल्या बायका अजून येतात आणि जाताना हमखास म्हणतात, "तुमच्या हाताले गुण आहे, बाई." मी हसते, चार पानं तोडून देते, चुन्याची डबी पुढे करते. त्या फाटकाबाहेर पडल्या की मला स्वतःच्या हाताकडे बघवत नाही.

आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला, त्याच साली मी घाटंजीजवळच्या या घरात सून म्हणून आले. राज्य बदलल्याचं घरात कुणाला सोयरसुतक नव्हतं. सात वर्ग शिकलेली सून आली याची मात्र गावात चर्चा होती. आणि त्या सात वर्गांची मलाही भारी घमेंड होती, उगाच खोटं कशाला सांगू?

घर कपाशी-तुरीचं. पण सासूबाईंचा जीव शेतात नव्हता, परसातल्या पानवेलात होता. तो त्यांच्या सासूनं माहेरून आणलेला. नवरी होऊन येताना वेलाचं एक पेर ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं बैलगाडीत मांडीवर धरलं होतं म्हणे. ती सासू आमच्या सासूबाईंना जेमतेम चार वर्षं लाभली. पण पान तोडताना त्या अजून तिच्याशी बोलत. "दोनच पानं घेऊन राह्यली हो, आत्याबाई." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं.

सून आली की पहिल्या श्रावणात तिनं जुन्या वेलाचं एक पेर आपल्या हातानं लावायचं, अशी घरची रीत. पेर धरलं की सून घरात रुजली. न्हाणीचं पाणी जायला एक पाट होता आणि त्याच्या कडेनं तीन पांगारे. शेवटच्या पांगाऱ्यावर जुना वेल, मधल्यावर जाऊबाईंचा, आणि न्हाणीच्या तोंडाशी उरलेल्या जागेत माझा.

जाऊबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. अक्षर ओळखत नव्हत्या, पण वेलाला काय हवं ते त्यांना न सांगता कळायचं. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा वेलांवर ओलं बारदान टाकायच्या, पानामागची कीड बोटानं पुसायच्या. त्यांचा वेल पाच-सहा वर्षांत पांगाऱ्याच्या शेंड्याला गेला होता. माझा दुसऱ्या उन्हाळ्यातही गुडघ्याएवढाच. पाणी भरायला आलेली शेजारीण रोज विचारायची, "धाकटीचा वेल अजून रांगूनच राह्यला का व?"

जावाजावांचा उभा दावा, असं म्हणतात. जाऊबाईंच्या मनात तो कधीच नव्हता. माझे केस विंचरून देणारी, माझ्या वाट्याची भाकर झाकून ठेवणारी बाई ती. दावा होता तो माझ्या मनात.

त्या उन्हाळ्यात ग्रामसेवकानं कपाशीवर घालून बघा म्हणून नव्या खताचं पोतं आणून दिलं. मिठासारखं पांढरं. सासऱ्यांचा त्यावर विश्वास नव्हता; पोतं गोठ्यात पडून राहिलं. सोबतचा कागद घरात मला एकटीलाच वाचता येत होता. झाडामागं चिमूटभर घाला, भरपूर पाणी द्या, असं लिहिलेलं. मी हिशेब केला, चिमटीनं एवढं होत असेल तर मुठीनं किती होईल! एका संध्याकाळी कुणी नसताना मी माझ्या वेलाच्या बुडाशी चांगल्या तीन मुठी खत घातलं आणि न्हाणीतलं घंगाळ पाटात उपडं केलं. अति तिथं माती, हे काही सातव्या वर्गापर्यंत शिकवलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी माझ्या वेलाच्या पानांच्या कडा करपल्या. पाचव्या दिवशी जाऊबाईंच्या वेलाच्या. पाट उताराचा होता. न्हाणीचं पाणी रोज माझं पाप पुढे नेत होतं. आठवड्याच्या आत जुन्या वेलाची पानं देठासकट गळून पडली. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठले आणि बुडाशी उरलेले पांढरे खडे नखांनी खरवडून उकिरड्यात पुरले. वेल वाचावा म्हणून नाही, कुणाला दिसू नये म्हणून.

बाजूला बसलेल्या बाईची सावलीही पानवेलावर पडू द्यायची नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम. लोणच्या-पापडाचा विटाळ एक वेळ चालेल, वेलाचा नाही. म्हणून सासूबाईंनी आम्हा दोघींना परसात उभं करून पहिला प्रश्न तोच विचारला.

"कोण शिवलं व वेलाले?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी जाऊबाई बोलल्या.

"मीच शिवली, आत्याबाई. त्या दिवशी गोठ्यात बसली होती. वावटळीनं बारदान उडून गेलतं, घरात कोणी नव्हतं. ऊन लय होतं. मले राहवलं नाही. म्या उठून टाकलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशानं आपणहून मान पुढे केली होती. आणि चोर मूग गिळून शेजारी उभा होता.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जुन्या वेलाच्या बुडाशी बसल्या आणि वाळकं खोड हातात घेऊन रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. बऱ्याच वेळानं उठल्या आणि जाऊबाईंच्या हातातली पाण्याची कळशी त्यांनी हळूच काढून घेतली. "आता तू हात नोको लावू," एवढंच म्हणाल्या.

तो हुकूम वेलापुरताच होता. जाऊबाईंनी तो सगळ्यालाच लावून घेतला. भेंडी त्या लावेनात, मिरच्यांचं रोप उपटून दुसरीकडे लावेनात, तुळशीला पाणी घालायचंही त्यांनी माझ्याकडे दिलं. कुणी विचारलं काहून, तर म्हणायच्या, "माहा हात चांगला नाही." ज्या हातानं परस उभं केलं, तो हात त्या पदरात गुंडाळून बसू लागल्या. मी रोज ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, आता वेल तर काही परत येत नाही. खाई त्याला खवखवे. पण खवखव गिळायचीही सवय होते.

पाच-सहा वर्षं परसात पानवेल नव्हता. लग्नाच्या विड्याची पानं बाजारातून यायची आणि सासूबाई ती न खाता नुसती चाळवत बसायच्या. मग केळापूरकडे जाऊबाईंच्या माहेरी भाचीचं बारसं निघालं. मी त्यांच्यासोबत गेले. तिथल्या परसात आंब्यावर चढलेला हिरवागार पानवेल दिसला आणि मी जागीच थांबले. जाऊबाईंच्या भावाच्या लग्नात सासूबाईंनीच दिलेल्या पेराचा होता तो. दिलेलं परत मागायचं नाही हा सासूबाईंचा बाणा, म्हणून एवढी वर्षं कुणी मागितलं नव्हतं. या वेळी भावजयीनं आपणहून एक पेर कापून जाऊबाईंपुढे धरलं.

जाऊबाई मागं सरल्या. "मले नोको. हिच्याजवळ दे. हिच्या हातानं जगंन."

ते पेर मी ओल्या फडक्यात मांडीवर धरून आणलं. लावलं. आणि ते जगलं! दोन वर्षांत पांगारा झाकून टाकला त्यानं. सासूबाईंनी पहिलं पान तोडलं, पूर्वीसारखं आपल्या गेलेल्या सासूला सांगितलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "धाकटीच्या हाताले गुण आहे." तेव्हापासून ते वाक्य माझ्यामागं लागलं आहे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. श्रावणात तिसऱ्या सुनेला पेर द्यायची वेळ आली. रीतीनं ते थोरल्या जावेनं द्यायचं. सासूबाईंनी मला हाक मारली. मी पेर कापत होते आणि जाऊबाई दारात उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं. आपली सावली वेलापर्यंत पोचते आहे हे त्यांना दिसलं, तशा त्या मुकाट दोन पावलं मागं सरल्या. त्या दिवशी तर त्या बाजूला बसलेल्याही नव्हत्या.

त्याच दुपारी मी त्यांना गोठ्याच्या पडवीत गाठलं आणि सगळं सांगितलं. खत, तीन मुठी, घंगाळ, नखांनी खरवडलेले खडे. सांगताना मी रडत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या.

"माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून इतकं खोटं बोलून राह्यली का व तू?"

"खोटं नाही, बाई. आत्याबाईंना पण सांगते मी."

"म्हातारीले कायले सांगतं? तिचा जीव आहे तुह्यावर. आता या वयात तिले त्रास नोको."

आणि मी, आता लपवून काय उपयोग, त्या 'नोको'चीच वाट बघत होते. सासूबाईंना मी कधीच सांगितलं नाही. पण जाऊबाईंना तरी पटावं म्हणून मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "वेलाची शपथ, बाई, मीच..."

त्यांनी झटकन हात सोडवून माझ्या तोंडावर ठेवला.

"वेलाची खोटी शपथ नोको घेऊ," त्या म्हणाल्या. "आता कुठं लागला तो."

मग म्हणाल्या, "जाय, एक पान आण मले." मी जाऊन तोडून आणलं.