प्लांटमधला खलाशी

मी बांधलेली गाठ मेश्रामकाका सोडायचे आणि माझ्यादेखत पुन्हा बांधायचे. रोज. जलाशयावरच्या मोटरबोटीचा चालक मी, परवाना माझ्या नावाचा, आणि हा साठी ओलांडलेला माणूस पर्यटकांसमोर माझा दोर उलगडत बसायचा. डोकं फिरायचं माझं.

खरं तर त्यांना बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. भिलाईच्या प्लांटमध्ये त्यांचं पद 'खलाशी' होतं. क्रेनला माल बांधून देणाऱ्याला तिथे खलाशीच म्हणतात. आमचा ठेकेदार मालवणकडचा. अर्जावर 'खलाशी, तीस वर्षं' वाचून तो खूश झाला आणि त्याने काकांना बोटीवर ठेवून घेतलं. काकांना पोहताही येत नव्हतं. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून ते काठावरच उभे राहिले. पण निवृत्तीनंतर जुनवानीच्या घरात बसून ते पार कंटाळले होते, ही नोकरी त्यांना जिवापाड हवी होती.

दोर मात्र त्यांचं ऐकायचा. खुंट्याला दोन वेढे, मग असा अडकवायचा की कितीही ताण आला तरी सुटू नये, पण टोक ओढलं की झटक्यात मोकळा. "गाठ सोडाले चाकू लागला तं बांधनारा बेकार," म्हणायचे. कालव्याला पाणी सोडलं की जलाशय उतरतो, म्हणून संध्याकाळी दोर सैल ठेवायचा, हे ते मलाच विचारून विचारून शिकले.

एका शनिवारी रांगेतल्या लोकांसमोर त्यांनी माझी गाठ दोनदा सोडली. लोक हसले. संध्याकाळी बोट मीच बांधली, घट्ट, आणि हात लावायचा नाही असं त्यांना बजावलं.

"ढील दे गड्या, पानी उतरून राहिलं," काका म्हणाले.

मी ऐकलं नाही. थोडा वेळ थांबून ते स्कूटरवरून घरी गेले.

सकाळी पाणी दीड-दोन हात खाली गेलेलं, बोटीचं नाक दोराला टांगलेलं आणि मागचं इंजिन बुडालेलं. गाठ इतकी आवळली होती की दोर कापावा लागला. कोणी बांधली, हे ठेकेदाराने विचारलंच नाही. दोराचं काम खलाशाचं. त्याने काकांना तिथल्या तिथे काढून टाकलं. काकांनी त्या गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जॅकेटं आवरत होतो.

आठवड्याने मी जुनवानीला गेलो. काकूंनी चहा आणला. गाठ माझी होती, हे मी एकदाचं बोलून टाकलं. काका बशीत चहा ओतत होते.

"मले कावून सांगून राहिला? मले मालूमच हाये. त्याले सांग."

उद्याच सांगतो, म्हणालो. पावसाळ्याआधी काका हृदयविकाराने गेले. त्यांच्यावरची चीड केव्हाच संपली, आता माझीच मला येते. ठेकेदार आजही रोज सकाळी जेट्टीवर येतो. मी त्याला नमस्कार करतो आणि इंजिन सुरू करतो.