उरलेले अकरा मणी

मुलांनो, हे तुम्हाला फोनवर सांगितलं नाही. सांगताना माझ्या चुकीवरून मी घाईने पुढे गेले असते. लिहिताना तसं करता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या बाबांनी तिकडूनच आमच्यासाठी पेंच नदीकाठच्या शिबिरात तंबू घेतला. आजोबांचं विसरणं वाढलं होतं, मोकळ्या हवेत त्यांना बरं वाटेल, अशी त्याची आशा. मला शंका होती. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस मनीषनगरच्या आपल्याच घरात न्हाणीघर शोधतो, तो जंगलात काय करणार? खरं सांगायचं तर तेव्हा देवावरही माझा रुसवा होता. जप मात्र चुकवला नव्हता. सकाळी एक माळ. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. श्रद्धा आटली होती, शिस्त तेवढी उरली होती.

दुसऱ्या दिवशी वाटाडे सुखदेवभाऊ आम्हाला नदीच्या वळणापर्यंत पायी नेणार होते. नुकतं उजाडलं होतं. मी तंबूच्या दाराशी खुर्चीवर जपाला बसले होते. आजोबा पायांत रबरी चपला सरकवून माझ्यासमोरून नदीकडे गेले. मी पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलंही, पण अकरा मणी उरले होते. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर उठावं लागलं असतं. माळ पूर्ण करून, डोळ्यांना लावून डबीत ठेवली, तेव्हा पायवाट रिकामी होती.

माझ्या हाकेसरशी सुखदेवभाऊ धावत आले. वाळूत चपलांचे ठसे सापडले. ते सरळ पाण्यापर्यंत गेले होते आणि तिथेच संपले होते. पुढे नुसतं धुकं.

"आजी, तुम्ही इथंच बसा. मी खाली पायतो," म्हणत ते पाण्यात उतरले.

मी ओल्या वाळूत बसले. रोज एकशे आठ वेळा घेतलेलं नाव त्या वेळी तोंडात येईना. हात जोडायचंही सुचलं नाही. एवढंच म्हटलं, माझ्याने आता काही होत नाही, तूच बघ.

थोड्या वेळाने धुक्यातून घंटा ऐकू आली. तीन ठोके, मग खंड. पुन्हा तीन. देवापुढे घंटा अशी कोणी वाजवत नाही. आजोबांच्या शाळेत प्रार्थनेला मुलांना बोलावताना ती अशी वाजायची. शिपाई रजेवर असला की ते स्वतः वाजवायचे.

"भाऊ, ते तिकडे आहेत!" मी ओरडले.

वळणापलीकडे झाडाखाली वाघोबाचं ठाणं होतं: शेंदूर लावलेला दगड आणि फांदीला टांगलेली घंटा. आजोबा दोरी धरून ताठ उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले, खांद्यावर कुणाची तरी चादर. त्यांचा दुसरा हात एका बाईने घट्ट धरला होता.

"लय उशीर केला वं बाई," ती मला म्हणाली. "बाबाजी पाण्यात उभे होते. बाहेर काढलं अन् म्हटलं, वाजवा घंटा, घरचे येतीन. तं वाजवणं थांबवूनच नाही राहिले! वरून मलेच म्हणतात, रांगेत उभी राय."

आजोबांनी माझ्याकडे पाहून आठी घातली. "प्रार्थना संपत आली. तू आत्ता येतेस?"

मी हसले की रडले, आठवत नाही. बाजूला दगडावर त्या बाईचं पूजेचं ताट दिसलं. दिवा विझलेला, नारळ तसाच. ती नवस फेडायला आली होती.

"माझ्या माणसापायी तुमची पूजा राहिली," मी म्हटलं.

"देव कुठं पळून नाही जात," ती काडेपेटी शोधत म्हणाली. "बाबाजी गेले असते."

तिला ठाऊक नव्हतं ती कुणाशी बोलते आहे. सगळं वहीत टिपून ठेवणारी मी, तिचं नावसुद्धा विचारलं नाही. ती कोण होती, त्याच वेळी तिथे कशी आली, याचा काथ्याकूट मी करत नाही. मदत आली, आणि जी शिस्त मी भक्ती समजत होते ती तिने एका वाक्यात माझ्या हातातून काढून घेतली, एवढंच मला कळतं. जे आपल्याने होत नाही ते त्याच्यावर सोडावं. जे होतं, त्यासाठी मात्र उठावं.

माळ अजून रोज घेते. आज एक्केचाळिसाव्या मण्यावर आजोबांनी चष्म्यासाठी हाक मारली. तो त्यांच्या कपाळावरच होता. मी माळ खाली ठेवली, उठले आणि तो त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला. उरलेले मणी आज तसेच राहिले.