झोळीआत्याचं माप

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात दोनच गोष्टी भरपूर होत्या. रिकामी पोती आणि आत्याची बडबड. ज्वारीची कणगी तळापर्यंत खरवडून झाली होती, विहिरीत उतरलं तर पायाला कोरडा गाळ लागायचा. आईबाप दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. माझा तान्हा भाऊ खडीच्या ढिगाशेजारी फडक्यावर निजवलेला असे, आणि मुंग्या त्याला आमच्याआधी शोधून काढत. एके दिवशी आत्यानं पोती उसवली, त्यांची सुतळी सोडवून तिची जाळी विणली आणि दोन बाभळींच्या मध्ये टांगली. भाऊ त्यात दुपारभर झोपला. मग काय, प्रत्येक बाई आपलं पोतं घेऊन आत्याकडं. महिन्याभरात त्या कामावर अकरा झोळ्या लोंबायला लागल्या. मुकादम म्हणायचा, "औंदा बाभळीला शेंगा न्हाईत, पोरं लागलीत." तिथपासून ती सगळ्यांची झोळीआत्या झाली.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. देगलूरकडं दिलेली होती. चारपाच वर्षांत माहेरी परत आली ती कायमची. का आली, ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. येताना तिनं तिकडचे तेलुगू आकडे तेवढे आणले होते. जाळी विणताना ती फासे मोजायची, "ओकटी, रेंडू, मूडू…" मी दुसरीत होते, पाटीवर रेघा मारून तिच्या फाशांचा हिशेब धरायची. एका ओळीत कधी एकवीस भरत, कधी एकोणीस. विचारलं तर म्हणाली, "सुतळी बघून ठरतंय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पोर बघून ठरतंय." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला बघून. तू इचारलीस की माझा एक चुकतोय." ह्यातलं खरं कुठलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एक मात्र पक्कं होतं. आत्या कुणाच्या अंगाला दोरी लावून माप घ्यायची नाही. पोराकडं एक डोळा मिटून बघायची आणि कामाला लागायची. "निजल्या माणसाला दोरी कवा लावतेत, ठाव हाय का? तिरडी बांधताना. जित्या माणसाचं माप घेऊ न्हाई." शिंप्याकडं सगळं गाव माप देतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "शिंपी हुबं करून घेतोय."

दुसरी गोष्ट, रिकामी झोळी ती हलू द्यायची नाही. आईनं पोर पाजायला उचललं की आत्या लगेच खडीतला एक दगड झोळीत ठेवायची. मुकादम ओरडला, "म्हातारे, सरकारी दगड झोळीत का घालायलीस?"

"आत्ताच डोळा लागलाय त्येचा, साहेब," आत्या म्हणाली. "उठला की देते."

बायका हसून बेजार झाल्या. मी आईला विचारलं, आत्या दगड का ठेवते? आई हसत होती, तिनं एकदम तोंड फिरवलं. म्हणाली, "तू तुझं बघ."

पुढं पाऊस आला, खडी सरली, झोळ्यांच्या परत दोऱ्या झाल्या. मी शिकत राहिले. बारावी पास झाले त्या सुमाराला लातूर वेगळा जिल्हा झाला. आमच्या घरात ह्याचा अर्थ कुणालाच लागेना. वडील म्हणाले, "काल उस्मानाबाद जिल्ह्यात हुतो, आज लातूर. म्हंजी आपुन आता कुठं ऱ्हातोय?"

आत्या म्हणाली, "इहीर हालली का जागची?"

"न्हाई."

"मंग आपुनबी हितंच."

पण लातूर मात्र हललं होतं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नवे कारकून, आणि सगळ्यांना खोल्या पाहिजेत. मला बी.ए.ला जायचं होतं. वडिलांनी सरळ सांगितलं होतं, "ऱ्हायला जागा मिळाली तर शिक. न्हाई तर निलंग्याचं स्थळ हाय, दिवाळीनंतर बार उडवून देऊ." आम्ही दोघं दोन दिवस लातूरभर फिरलो. शेवटी एका दालमिलच्या मागं चार मुली राहत होत्या ती खोली सापडली. मालकीणबाई कपाळाला भस्म लावून दारातच बसलेल्या. म्हणाल्या, "शिव शिव, जमिनीवर चौघीच कशाबशा मावतात. पाचवीला काय डोक्यावर निजवू?" वडिलांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं होतं की सुटल्याचं, मला सांगता येणार नाही.

घरी येऊन मी रडत बसले. आत्यानं विचारलं, "डोक्यावर काय हाय त्या खोलीत?"

"काय असणार? लाकडी सर हायेत माळवदाचे. पाळण्याच्या दोन कड्या हायेत."

"मंग जागा हाय की."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात काम सुरू झालं. मोट कधीच बंद पडली होती, तिचा जाडजूड नाडा आढ्याला लटकून होता. तो झोळी टांगायला काढला. सुतळीला पीळ देऊन ती तिपेडी केली. बाभळीच्या चपट्या काडीवर सुतळी गुंडाळायची, चार बोटांवर फासा धरायचा, गाठ मारायची, पुढं सरकायचं. मी म्हटलं, "आत्या, मी पाच फूट एक इंच हाय." तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "आकडा सांगू नको गं बाई!" आठ दिवस ती एक डोळा मिटून माझ्याकडं बघत होती आणि विणत होती.

झोळी टांगायला ती स्वतः माझ्या आणि वडिलांच्या बरोबर एस.टी.नं लातूरला आली. नाड्याचे तुकडे कड्यांना बांधले, चार वेळा लोंबकळून बघितलं आणि म्हणाली, "बस." मी बसले, आणि झोळी माझ्यासकट सरळ खाली गेली. खाली एक मुलगी जेवत होती. मी तिच्या पिठल्यात.

मालकीणबाईंना तर हसू आवरेना. "काय गं, लग्नाआधीच पाळणा बांधलास? तोही पोहरा निघाला!"

आत्याचा चेहरा उतरला होता. ती कड्यांकडं बघे, झोळीकडं बघे, परत कड्यांकडं. उभ्या जन्मात तिनं झाडांनाच झोळ्या बांधलेल्या. झोळी लांब झाली की पलीकडचं झाड धरायचं. खोलीतल्या कड्या सरकत नाहीत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. वडील पिशवी उचलत म्हणाले, "चला. न्हाई जमत तर न्हाई." मालकीणबाईही म्हणाल्या, "आत्ताच काय ते सांगा, दुसरी पोरगी विचारून गेलीय."

कुणीतरी म्हणालं, माप घेऊन आखूड करा ना. आत्यानं नाही म्हणून मान हलवली. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, संपलं.

"आडवी हो," ती म्हणाली.

मी फरशीवर आडवी झाले. आत्यानं कनवटीची सुतळी काढली, डोळे मिटले आणि माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत लावली. ओठ हलत होते, "ओकटी, रेंडू…" सुतळीवर गाठ मारली, माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आणि दोन्ही बाजूंनी जाळी ओढून गाठी घातल्या. ह्या वेळी मी बसले तर जमीन हातभर खाली राहिली. मालकीणबाई हसायच्या थांबल्या. "चला, डोक्यावरचं भाडं निम्मं घेईन," म्हणाल्या.

निघताना आत्यानं माझी पुस्तकं झोळीत ठेवली. "तू कालिजात गेलीस की ही रिकामी हालू देऊ नको. पुस्तकं निजवीत जा. आन् तुझं माप आता माझ्यापाशी हाय. शिकल्याबिगर घराकडं याचं न्हाई."

मला ह्याचा धाक वाटला की आधार, ते तेव्हाही कळलं नाही. पण तीन वर्षं मी तशीच झोपले, आणि दिवसा माझी पुस्तकं तिथं झोपली.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा आठ दिवसांवर असताना वडील आले. आत्या गेली होती. आजारी नव्हती, दुपारी अंगणात सुतळी वळता वळता गेली. घरी गेल्यावर तिचं गाठोडं सोडलं. त्यात लुगडं, कुंकवाची डबी आणि एकत्र गुंडाळलेल्या दोन सुतळ्या. एक माझी, मी ती गाठीवरून ओळखली. दुसरी जुनी, काळी पडलेली, जेमतेम हातभर. तान्ह्या पोराएवढी.

मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "देगलूरला झालं हुतं एक, ऱ्हायलं न्हाई. झोळी इणायची म्हणून माप घेतलं हुतं म्हने तिनं." एवढंच बोलून ती चुलीकडं वळली. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझी परीक्षा कवा हाय?"

एकदा माप घेऊन जिचं सगळं गेलं, तिनं परत ती सुतळी हातात कशी घेतली? माझ्यावर भरवसा होता, की त्या खोलीत दुसरा इलाजच नव्हता म्हणून? पुष्कळ विचार केला. मी शिकलेली बाई, पण हे मला सुटलेलं नाही.

दोन्ही सुतळ्या मी लातूरला नेल्या, झोळीत पुस्तकांशेजारी ठेवल्या आणि परीक्षेला गेले. मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातली पहिली.